ओळख म्हणजे वशिला नव्हे



गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चंद्रपूर-गडचिरोलीतून संगणक शिकून पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे गेलेल्यांची पहिली पिढी आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभी आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या व वरिष्ठ फळीतील लोक अधिक असतील, हेही सांगितले गेले. घराचे हप्ते चालू, मुलांचे शिक्षण अर्ध्यावर आणि गावी वृद्ध आईवडील, अशा वेळी हाताचे काम गेलेला माणूस ती गोष्ट प्रथम लपवतो. लाज वाटते म्हणून तो लपवतो आणि त्यामुळेच मदतीची दारे बंद होतात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन येथे नोकरी बदललेल्या तंत्रज्ञ व व्यवस्थापकांचा अभ्यास केला. त्यांचा गाजलेला निबंध १९७३ सालचा. सुमारे ५६ टक्के लोकांना काम व्यक्तिगत ओळखीतून मिळाले होते. परंतु अशा लोकांत वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले १७ टक्केही नव्हते. कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते, ते आपल्यालाही बहुधा ठाऊक असते. नवी बातमी आणतो तो दूरचा परिचित.

झाडीपट्टीला हे नवे नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटक रंगते आणि त्या गर्दीतल्या गप्पांतून सोयरिकी जुळतात. जी रीत लग्नाला चालते, ती कामाच्या शोधाला का चालू नये?

येथे एक सीमारेषा मात्र स्पष्ट हवी. सरकारी वा सार्वजनिक उपक्रमांतील भरती जाहिरात व परीक्षेनेच व्हावी. तेथे ओळख वापरणे म्हणजे वशिला, आणि पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणारा म्हणजे ठग. ओळखीने मागायची ती माहिती: काम कोठे आहे, कोणाला कशाची अडचण आहे.

अशा अडचणी या भूमीत कमी नाहीत. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, घुग्घुस-गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखाने, सुरजागडची लोहखाण या साऱ्यांभोवती कंत्राटदार, वाहतूकदार व दुरुस्तीची कामे घेणारे लहान उद्योजक आहेत. मालमोटारींची नोंद, वजनकाट्याचा हिशेब, यंत्रांची देखरेख यांसाठी जाणता माणूस त्यांनाही लागतो. पगार महानगराइतका मिळणार नाही, हे कुटुंबाने आधीच एकत्र बसून मान्य करावे.

म्हणून आजच वही घ्यावी. जुने सहकारी, वर्गमित्र, शिक्षक, गावचे व्यापारी अशी पन्नास नावे लिहावीत. रोज दोघांशी बोलावे. ‘काही असेल तर बघा’ असे मोघम म्हणू नये. कोणते काम येते, ते दोन वाक्यांत सांगावे. निघताना आणखी एका माणसाचे नाव विचारावे आणि त्यांच्या अडचणीत आपला काय उपयोग होईल, हेही विचारावे.

ज्यांचे काम शाबूत आहे, त्यांचे कर्तव्य अधिक मोठे आहे. ओळखीतला कोणी अचानक गप्प झाला असेल, तर त्याने फोन करण्याची वाट पाहू नये. आपणच करावा.