जमिनीचा दलाल आणि सातबाऱ्याची ओळख

(विहाराच्या वर्धापनदिनी युवक मेळाव्यात केलेले भाषण, नंतर आठवून लिहून काढलेले)



आम्हाला आज दिलेला विषय विहारात सहसा कोणी बोलत नाही असा आहे. वस्तीतील सात-आठ पोरं प्लॉटिंगच्या धंद्यात उतरली आहेत. घरी कोणी विचारलं, काय करतोस रे, तर "जमिनीचं काम करतो" असं सांगतात. दलाल हा शब्द तोंडातून निघत नाही. समितीने आम्हाला सांगितले की तुम्ही या धंद्यात पोळलेले आहात, तेव्हा तुम्हीच बोला. आम्ही सूतगिरणीच्या रिंग खात्यातले कामगार. तुटलेला धागा सांधणे हे आमचे काम. शाळा दहावीपर्यंत, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि तहसीलच्या व्हरांड्यात.

आधी लाज वाटण्याचे बघू. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्राचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यात जमिनीची मध्यस्थी नाही. उलट जेतवनाची गोष्ट आपण सगळे जाणतो. अनाथपिंडिकाला ती बाग हवी होती. जेत राजकुमार म्हणाला, सोन्याची नाणी अंथरली तरी देणार नाही. अनाथपिंडिक म्हणाला, भाव निघाला, सौदा झाला! प्रकरण न्यायाधीशांपुढे गेले आणि कौल अनाथपिंडिकाला मिळाला. एवढ्या पवित्र जागेचा व्यवहारसुद्धा तोंडी बोलण्यावरून तंट्यात गेला होता, हे ध्यानात ठेवा. आणि आपल्याजवळच्या पितळखोऱ्याला जाऊन या. तिथल्या लेखात पैठणच्या अत्तरवाल्याच्या घराण्यातील मितदेवाचे दान कोरलेले आहे. आपला धंदा नावासकट दगडावर लिहायला त्या लोकांना संकोच वाटला नाही.

आता आमची गोष्ट. गिरणीत पाळ्या कमी झाल्या आणि हातात वेळ राहू लागला, तेव्हा आम्ही जागा दाखवू लागलो. शेकडा एक-दोन टक्के सुटायचे. 2011 साली आमच्या नात्यातील एका विधवा मावशीने गावाच्या कडेला एक गुंठा घेतला. रोजंदारीतून आणि मंगळसूत्र मोडून जमवलेले ऐंशी हजार. व्यवहार शंभराच्या बाँडवर, नोटरीचा शिक्का मारून. आम्हाला तीन हजार मिळाले, पेढे वाटले. मावशीने दोन पत्र्यांची खोली टाकली.

2016 ला विकणारा वारला. वारस म्हणाले, आम्ही कोणाला काही विकलेले नाही. तेव्हा आम्ही सातबारा काढला. पाच वर्षांपूर्वी काढायला हवा होता, तो तेव्हा काढला. त्यावर लिहिले होते भोगवटादार वर्ग 2. आणि इतर हक्कात परवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाही अशी शर्त. ती जमीन महारकीच्या इनामाची! मराठवाड्यात 1954 च्या हैदराबाद इनाम रद्द कायद्याने इनामे गेली, पण अशा बऱ्याच जमिनींवर शर्त राहिली. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकी करून मिळवलेला तुकडा कोणी धनवानाने फुकापासरी लाटू नये म्हणून ती शर्त. म्हणजे इकडे मावशी आपली, तिकडे वारस आपले, शर्तही आपल्याच भल्याची, आणि मधे बसून तीन हजार घेणारे आम्ही. भांडायचे कोणाशी?

मावशीची खोली उतरवावी लागली. पत्रे आम्हीच खांद्यावर वाहिले. तीन हजार त्याच दिवशी परत केले, आणि पुढे पगारातून महिना दोन हजार देत गेलो. चाळीस महिने लागले. शेवटचा हप्ता दिला तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "पैसे आले बाबा, पण तेवढ्यात आता गुंठा येतो का?" नाही येत. याचे उत्तर आमच्याजवळ आजही नाही.

म्हणून पोरांनो, पहिली गोष्ट कागद. कायदा साधा आहे. शंभर रुपयांच्या वर किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणी केलेल्या दस्ताशिवाय विकली जात नाही. नोटरीने फक्त सही कोणी केली ते पाहिले, जमीन कोणाची ते पाहिलेले नाही. सही-शिक्क्याचा सातबारा आज पंधरा रुपयांत मोबाईलवर निघतो, नुसता बघायचा तर फुकट. नाव आणि क्षेत्र पाहून मिटवू नका. भोगवटादाराचा वर्ग बघा, इतर हक्क बघा, बँकेचा बोजा बघा. मग फेरफार मागे मागे काढत जा. नोंद वारसाची असेल तर बहिणींची नावे कुठे गेली ते विचारा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगीचा कागद दिसेपर्यंत हात लावू नका. आणि शेतजमीन महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय घेता येत नाही. आपल्या वस्तीत भूमिहीन जास्त, त्यामुळे "नंतर बघू, नावावर करून देऊ" या बोलीत सगळ्यात जास्त आपलेच लोक फसतात.

दुसरी गोष्ट, बाजार बदलला. पूर्वी दलालाची किंमत कशात होती? कोण विकतो आहे ही बातमी त्याच्याकडे असायची. आता ती बातमी प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर आहे. एकच प्लॉट दहा जण दाखवतात. मग तुम्हाला कोणी दोन टक्के का द्यावेत? आमच्या मते तीन कामांचे लोक अजून पैसे देतात. जागेवर जाऊन चतुःसीमा दाखवणे आणि भूमी अभिलेखची मोजणी करून घेणे. कर्जासाठी बँकेला लागणारे कागद जुळवणे. आणि वाईट असेल ते तोंडावर सांगणे. तिसरे सर्वात अवघड, पण गिऱ्हाईक पुन्हा येते ते त्याच्यासाठीच. सगळा तालुका पालथा घालू नका. चार गट नंबर धरा, पण असे धरा की पावसाळ्यात पाणी कुठून वाहते तेही माहीत पाहिजे.

सरकारी नोंदणीचेही सांगतो. 2016 चा रेरा कायदा महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून लागू झाला. पाचशे चौरस मीटरच्या वर, म्हणजे पाचेक गुंठ्यांच्या वर जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि त्यातला प्लॉट विकून देणाऱ्या एजंटचीही लागते. 1 जानेवारी 2024 पासून एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचे प्रमाणपत्रही सक्तीचे झाले. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला दहा हजार दंड, तो वाढत किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही होऊन सांगा. शेतजमिनीच्या साध्या खरेदीला हा कायदा लागत नाही, तिथे तुमची तुम्हालाच काळजी घ्यायची आहे. परीक्षेला घाबरू नका. पाळी करून, रात्री बल्बखाली वाचून आम्ही कामगार कायदे शिकलो. तुम्ही तर पदवीधर आहात.

गुंठेवारीबद्दल लोक फार विचारतात. 2001 च्या कायद्याने जुनी गुंठेवारी नियमित करायची सोय झाली, 2021 ला मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. तुकडेबंदीचे नियमही मधे दोन-तीनदा बदलले. 2023 ला जिरायत वीस गुंठे आणि बागायत दहा गुंठे असे प्रमाण बहुतेक जिल्ह्यांना ठरले. पण गुंठेवारी नियमित झाली म्हणून मालकीतला दोष धुऊन निघत नाही. हे चहाच्या टपरीवर कोणी सांगत नाही.

टपरीवर काय सांगतात? टोयोटा आली! जुलै 2024 ला बिडकीनच्या ऑरिकसाठी करार झाला, वीस हजार कोटींचा. बातमी खरी. पण संभाजीनगर इथून साठ किलोमीटर आणि बिडकीन त्याच्याही पलीकडे, तिथल्या कारखान्यावर इथल्या माळाचा भाव कसा चढतो हे आम्हाला उमगलेले नाही. औट्रम घाटातल्या बोगद्याचेही तसेच. 2021 ला दरड कोसळली, 2023 ला कोर्टाने जड वाहने बंद केली, आणि तेव्हापासून प्रत्येक माहितीपत्रकावर बोगद्याचे चित्र. गिऱ्हाइकाला विकायचा तो आज पायाखाली आहे तो प्लॉट विका, बोगदा विकू नका.

एक शेवटचे, आणि ते बोलताना बरे वाटत नाही. शहरात आपली पोरं भाड्याने खोली बघायला जातात तेव्हा एजंट आधी आडनाव विचारतो. मग "मालक गावाला गेलेत" असं ऐकायला मिळतं. आमच्या मुलाने हे तीनदा ऐकले. या धंद्यात आपले लोक का हवेत याचे आमच्यापुरते कारण हे आहे. तुमच्या टेबलासमोर बसणाऱ्याला तुम्ही आडनाव विचारू नका, कोणाचेही, आणि मालकाने विचारायला सांगितले तरी नाही. त्यात एखादा व्यवहार जाईल. जाऊ द्या.

तेव्हा असे ठरले आहे की दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही इथेच, विहाराच्या ओट्यावर बसू. कोणी जागा घेत असेल, विकत असेल, नाहीतर धंदा शिकत असेल, त्याने गट नंबर लिहून आणावा आणि बरोबर पंधरा रुपये आणावेत. चहा आमच्याकडून.

जयभीम.