साखरेचा आकडा आणि मनावरचा भार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

मधुमेह हा रोजच्या रोज सांभाळायचा आजार आहे. दवाखान्यात आपण दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही पंधरा-वीस मिनिटं जातो. बाकी सगळे दिवस काय खायचं, किती चालायचं, गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे आपलं आपणच पाहतो. बॉस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी हे फार लवकर ओळखलं. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच, १९१८ मध्ये, त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मिळून मधुमेहाची पुस्तिका लिहिली.

पण एकदा समजावून सांगितलं, की काम झालं का? अमेरिकेत सुसान नॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ३१ अभ्यास एकत्र तपासले. विषय होता, प्रौढ वयात सहसा होणाऱ्या ‘टाइप टू’ मधुमेहाच्या रुग्णांचं शिक्षण. दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, शिक्षणानंतर लगेच इतरांपेक्षा ०.७६ टक्क्यांनी जास्त उतरला होता. शिकवणं थांबल्यावर एक ते तीन महिन्यांतच हा फायदा ०.२६ वर आला. आणखी एक गोष्ट दिसली. एक टक्का उतरण्यामागे शिकवणाऱ्याचा जवळजवळ चोवीस तासांचा सहवास होता! नुसता छापील तक्ता हातात देऊन हे कसं साधणार?

शिवाय माणसाला मनही असतं. विल्यम पोलोन्स्की, बार्बरा अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वीस प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. पुढं काय होईल याची भीती वाटते का, पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, या आजारात एकटं पडल्यासारखं वाटतं का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न. हा भार म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे. रोजच्या सांभाळण्याचा तो शीण आहे. आणि हा शीण जास्त असतो तिथं साखरही बहुधा जास्त आढळते.

आपल्याकडं काय होतं? पंगतीत ‘एका जिलबीनं काय होतंय?’ म्हणून आग्रह करायचा आणि रिपोर्ट वाढून आला, की ‘तुम्ही पथ्यच पाळत नाही’ म्हणून बोलायचं. बोलणी खाऊन माणूस सुधारत नाही; तो साखर तपासायलाच टाळाटाळ करू लागतो.

मिशिगन विद्यापीठातील मार्था फनेल, रॉबर्ट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये वेगळी वाट सुचवली. रुग्णानं आज्ञा पाळायची नाही, आपलं उद्दिष्ट आपणच ठरवायचं. जाणकारांनी त्याला मदत करायची. ‘रोज व्यायाम करा’ यापेक्षा ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार जेवणानंतर वीस मिनिटं चालेन’ हे स्वतः ठरवलेलं पाळणं सोपं जातं.

औषधं चालू ठेवायचीच. उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांना सांगायचं. मात्र घरात मधुमेही असेल, तर ‘आज साखर किती?’ या प्रश्नाआधी एक प्रश्न जरूर विचारा : ‘यातलं तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?’ आणि उत्तर मधे न बोलता ऐकून घ्या.