धुराची किंमत कोण मोजतो?



आज मी औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराविषयी बोलणार आहे. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात, शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसांत खोलवर शिरतात. हा वायू धुराड्याआधीच अडवता येतो. चुनखडी मिसळलेल्या पाण्याने धूर धुतला की त्यातून जिप्सम तयार होते. या यंत्रणेला एफजीडी म्हणतात.

केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये या वायूवर मर्यादा घातली आणि जुन्या केंद्रांना दोन वर्षे दिली. ही मुदत पुन्हा पुन्हा वाढली. जुलै 2025 मध्ये तर तीन चतुर्थांशांहून अधिक संचांना एफजीडीच्या सक्तीतून सूट मिळाली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवरील शहरांपासून 10 किलोमीटरच्या आत सक्ती कायम आहे. अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून होणार. आपले चंद्रपूरचे 2920 मेगावॅटचे केंद्र अशाच भागात आहे.

सूट देणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावू नका. यंत्रणा महाग आहे. तिला पाणी, चुनखडी आणि वीज लागते, कार्बन डायऑक्साइडही थोडा वाढतो. भारतीय कोळशात गंधक कमी असते. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर पोट असलेल्या घराला दरवाढ झोंबतेच.

पण यंत्रणा टाळली म्हणून खर्च संपत नाही, तो दुसऱ्याकडे जातो. बिलातला खर्च लाखो ग्राहकांत वाटला जातो. त्यावर वीज नियामक आयोगापुढे हरकत घेता येते. धुराचा खर्च मात्र दमेकरी म्हातारे आणि लहान मुले सोसतात. त्याची पावती कुणी देत नाही. फिकहचा एक नियम आहे: एकाचे नुकसान टाळताना तसेच नुकसान दुसऱ्याच्या माथी मारू नये.

म्हणून माझे मत असे: जिथे वस्ती दाट आणि हवा आधीच खराब, तिथे यंत्रणा आधी बसवावी. तिचा भार कमी वीज वापरणाऱ्या घरांवर टाकू नये.

चंद्रपूरच्या तरुणांनो, धुराच्या मोजणीचे आकडे माहिती अधिकारात मागा. दरवाढीच्या सुनावणीला जा. शेजारच्या मोहल्ल्यातल्या हिंदू, बौद्ध, आदिवासी मित्रांनाही सोबत घ्या. हवा त्यांचीही तीच आहे.