सिबिलचा आकडा आणि त्यामागची नोंद



पेरणी तोंडावर आली की बी-बियाणे आणि खतांच्या जोडीला कर्जाची जुळवाजुळव सुरू होते. बँकेत साहेब सातबारा बघतात, आठ-अ बघतात आणि मग संगणकाकडे वळून म्हणतात, "तुमचं सिबिल बसत नाही." एवढे ऐकून माणूस परत फिरतो आणि गरजेपोटी सावकाराची पायरी चढतो. असे परत फिरण्याआधी काय बघावे, ते आज समजून घेऊ.

सिबिल हे एका कंपनीचे नाव. तिची स्थापना सन 2000 मध्ये झाली. आपल्या गावाकडची हजारो माणसे ज्या गिरणगावात राबली, त्याच मुंबईच्या लोअर परळ भागात तिचे कार्यालय आहे. बँका आणि वित्त कंपन्या आपल्या कर्जखात्यांची माहिती तिथे पाठवतात. एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. 2005 च्या कायद्याने त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे.

या कंपन्या नोंदींवरून 300 ते 900 मधला एक आकडा काढतात. आपल्या पैसेवारीसारखेच समजा. सगळ्या शिवाराचे पीक एका आकड्यात सांगायचे, तसा हा तुमच्या कर्जव्यवहाराचा एक आकडा. साधारणपणे 750 च्या वर असेल तर बँक चांगला मानते आणि 650 च्या खाली गेला की हात आखडता घेते. पण ही रेघ प्रत्येक बँक आपापली ठरवते, रिझर्व्ह बँकेने ती आखून दिलेली नाही.

चार कंपन्यांचे आकडे चार येऊ शकतात. वेळेवरची फेड, उचललेली रक्कम, खात्याचे वय आणि नव्या कर्जासाठी झालेल्या चौकश्या यांचे वजन प्रत्येक कंपनी वेगळे धरते. म्हणून एकीकडे 740 आणि दुसरीकडे 710 दिसले तर घाबरू नका.

कधीच कर्ज घेतले नसेल तर आकड्याऐवजी 'एनएच' किंवा उणे एक येते. याचा अर्थ इतिहास नाही, एवढाच. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ या कारणावरून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2025 च्या निर्देशांत आहे. शेतकरी उत्पादक कंपनी चालवत असाल तर मात्र उलटे वाचा. सिबिल अशा उद्योगांना 1 ते 10 असा क्रम देते आणि त्यात 1 सर्वांत चांगला.

आता मुख्य गोष्ट. आकड्यापेक्षा त्यामागचा अहवाल वाचा. तो तुमच्या कर्जाचा सातबाराच म्हणा ना! प्रत्येक खात्यापुढे महिन्यावार किती दिवस थकले ते असते. '000' म्हणजे वेळेवर, '090' म्हणजे नव्वद दिवस थकलेले. खाली खात्याची स्थिती असते. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडून बंद. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून खाते मिटवले. एकरकमी तडजोड केलेल्या अनेकांना वाटते की आपण मोकळे झालो, पण हा शेरा पुढे वर्षानुवर्षे दिसतो. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने ते कर्ज बुडीत धरले, आणि हा शेरा त्याहून वाईट. दुसऱ्याला जामीन राहिलात तर तेही कर्ज तुमच्या अहवालात येते.

सातबाऱ्यावर चुकीचा बोजा राहिला तर आपण तलाठ्याकडे अर्ज करतो ना? तसेच इथे. फेडलेले कर्ज चालू दिसते, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या नावावर चढते, असे घडते. मग त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा, फेडीचा दाखला जोडा. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी 14448 या क्रमांकावर फोन करा.

मे 2025 मध्ये बँकांच्या राज्यस्तरीय बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जाला सिबिलची सक्ती करू नका, असे बजावले. पण ट्रॅक्टर, ठिबक, गाईम्हशी यांच्या कर्जाला आकडा बघितला जाणारच. तेव्हा तयारी आधीच ठेवावी हे बरे.

ध्यानात ठेवा :

1. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून संगणकावर काढून घ्या. स्वतःचा अहवाल बघितल्याने आकडा घटत नाही.

2. तडजोड करण्यापूर्वी खात्यावर कोणता शेरा पडेल ते बँकेला लेखी विचारा.

3. कर्ज फिटले की बेबाकी दाखला घ्या आणि जपून ठेवा.

4. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. मोबाईलवर घेतलेले छोटे कर्जही नोंदीत येऊ शकते.

5. "पैसे द्या, सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. खोटी नोंद तुम्ही स्वतः, एक पैसा न देता दुरुस्त करून घेऊ शकता.

तेव्हा मंडळी, पाऊस पडण्याची वाट न बघता उन्हाळ्यातच अहवाल काढा. "सिबिल बसत नाही" असे कोणी म्हटले, तर "कोणत्या खात्यामुळे?" हा प्रश्न अहवाल हातात धरून विचारा.