मुबलक: रकमेचा शब्द, रेलचेलीचा अर्थ

पावसाळा सरता सरता बीड जिल्ह्यात, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या मांजरसुंब्यात, सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. माल ‘बक्कळ’ आला, ‘लई’ आला, हे इथलं बोलणं. पेपरात मात्र तोच माल ‘मुबलक’ होतो.

हा मुबलक मूळचा अरबी. ‘मबलग’ म्हणजे रक्कम. उर्दू दस्तऐवजांत रुपयांच्या आकड्याआधी ‘मुबलग’ लिहायची रीत होती. मराठीत आकडा गळाला, विपुलता तेवढी उरली!

आयर्लंडचा ‘गो ल्योर’ही असाच फिरस्ता. अर्थ पुरेसं, आणि भरपूरही. सतराव्या शतकात तो इंग्रजीत ‘गलोर’ झाला, पण आयरिश सवय सुटली नाही. आजही नामानंतरच बसतो. आपला मुबलक दोन्हीकडे चालतो. ‘मुबलक पाणी’ म्हणा, नाहीतर ‘पाणी मुबलक’. बीड जिल्ह्यात मे महिन्यात मात्र दोन्ही क्वचितच ऐकू येतात.