चिरे बसले, मनेही सांधावीत



२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. दलित मुले शिकू लागली, गावकीची कामे नाकारू लागली, हे अनेकांना आधीच सलत होते. नामांतर हे निमित्त झाले. नांदेड जिल्ह्यात घरे जळाली, टेंभुर्णीस पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाले. नांदेड-लातूरची सर्वांचीच मुले तेथे शिकली. नावाने कोणाचे काही गेले नाही; गेली ती माणसे.

मंदिराचे ढासळलेले चिरे वर्गणीतून पुन्हा बसले. तुटलेला शेजार वर्गणीने सांधत नाही. या महाद्वारातून येणाऱ्याची जात कोणी विचारू नये, हीच खरी देवसेवा होय.