वाटेचा बी दावा करा



मव्हाले, ढोरं चारायले, बाजाराले आपण जातो त्या वाटा बोर अभयारण्याच्या आधीच्या. अभयारण्य झालं 1970 साली, व्याघ्र प्रकल्प 2014 मध्ये. पण "आजा इथूनच बंडी नेत होता" एवढ्यानं भागत नाही. कागद पाह्यजे.

वाट खाजगी शेतातून जाते तिथं गावाचा वाजिब-उल-अर्ज पाहा. महसूल संहितेच्या कलम 165 प्रमाणं जाण्यायेण्याची वहिवाट त्यात लिहितात. तहसीलीत नक्कल मागा.

वाट जंगलात शिरली की 2006 चा वनहक्क कायदा. निस्तार, चराई हे सामुदायिक हक्क आहेत. त्याच दाव्यात वाटेचं नाव लिहा: कोणत्या नाल्यापासून, कोणत्या पाणवठ्यापर्यंत. वनहक्क समितीनं म्हाताऱ्यांसंग वाट चालून नकाशा काढावा. दावेदार नाही अशा म्हाताऱ्याचं लेखी बयाण पुरावा म्हणून चालते. ग्रामसभेत निम्मे लोक पाह्यजे, अन् हजर लोकांत एक तृतीयांश बाया. दावा दिला की पोच घ्या.

हे काम याच उन्हाळ्यात करा. काहून? म्हातारं माणूस गेलं की साक्ष बी जाते. मंग फाटक लागल्यावर दाखवायले आपल्यापाशी काहीच राहत नाही.